चौथं शील

पाळण्याला बांधायची पांढरी फुलं सोमानं कर्जतहून आणली होती, पण ती बांधायची कुणी, हे ठरत नव्हतं. पिशवी सकाळपासून खुंटीला लटकत होती आणि जो तो तिच्याखालून मान वाकवून जात होता.

उज्वला पहाटेच घाट उतरून कळंबला माहेरी आली होती. योगेंद्रनं तिला आणि लेकीला दारात सोडलं आणि गाडी लावायला जागा शोधायला म्हणून तो गेला तो गेलाच. रविवार होता, रिसॉर्टवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरला होता हे खरं. पण सासुरवाडीत आज पोलिसांचा विषय निघणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

लेक सात महिन्यांची झाली तरी अजून 'बाळी'च होती. ती जन्मली त्याच आठवड्यात उज्वलाच्या थोरल्या बहिणीचा, सुंदराचा नवरा गेला. योगेंद्रला बहीण नाही, तेव्हा कानात नाव सांगण्याचा आत्याचा मान मावशीचा, आणि मावशी उठून उभी राहीपर्यंत नाव ठेवायचं नाही, असं उज्वलानं तेव्हाच सांगून टाकलं होतं. सुंदरा सावरली, तारीख ठरली. आणि शुक्रवारी पोलीस आले आणि तिच्या भावाच्या, सोमाच्या कपिलला घेऊन गेले.

जेवणावळ रद्द झाली. नाव मात्र आजच ठेवायचं, असं तिचे वडील, आबा म्हणाले. "पोरीनं काय गुन्हा केलाय?"

स्वयंपाकघरात सोमाची बायको पारूबाई खीर ढवळत बसली होती. डोळे सुजलेले, पण डाव थांबत नव्हता. तिच्या शेजारी नणंद सुंदरा. दोघी कायम अशाच बसत, एक बोलली की दुसरी मान हलवणार. उज्वला समोर पाटावर बसली. मांडीवरची बाळी तिच्या गळ्यातली साखळी हिरड्यांखाली धरून चघळत होती. खालचा दात वर येत होता.

"तू एक फोन लाव," पारूबाई म्हणाली. "दुसरं काय मागनं नाय माजं."

"वहिनी, नाही लावता येत."

"का नाय लावता येत? खालापूरच्या कोर्टात तुज्यासारखीच जज म्हनून ती तुजी रुचिताच बसते ना? तुज्या लग्नात माज्या हातचं सुकटीचं कालवण दोनदा मागून खाल्लं तिनं. वैनी वैनी करत मागं फिरत होती."

"म्हणूनच नाही लावता येत."

"हे बग," सुंदरा पुढं सरकली. "निकाल फिरव असं कोन म्हनतंय? नुसतं सांगायचं, पोरगा आमचा हाय, चांगला हाय. उद्या त्याला पुन्ना उभा करतील तवा तिला म्हाईत असलेलं बरं. तेवढंच."

"ताई, तेवढंच सांगायचं नसतं. तेवढ्यासाठीच तर सगळे फोन करतात."

दारात उभा असलेला सोमा हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हंजे लोकांचे फोन जातात. चालतात. आमचाच तेवढा चालत नाय."

"माझ्याकडे आला होता एक, दादा. मोठ्या माणसाचा. मी पुढच्या तारखेला भर कोर्टात दोन्ही वकिलांना सांगितलं की असा असा फोन आला होता. तेव्हापासून येत नाहीत."

"तू शूर हायस गं. मी नाय कुटं म्हनत? पन माजा पोरगा आत हाय." सोमानं टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला. "आनि आत कशावरून, तर संगनकानं सांगितलं. खोपोलीजवळच्या त्या बंद शेडमदनं तांब्याची केबल गेली, वॉचमनचं डोकं फुटलं. कपिलला बगितलं असं एक मानूस म्हनत नाय. मानसानं म्हटलं असतं तर त्याला जाऊन इचारलं असतं, बाबा कुटं बगितलास, उजेड होता का. संगनकाला कोन इचारनार? तो म्हनतो, ह्या पोराच्या नावावरचा फोन तीन रात्री तितं होता. वर टक्केपन देतो. सत्त्याऐंशी! शाळेत कपिलला कदी पडले नाय येवढे."

एरवी प्रत्येक बोलण्याला मान हलवणारी सुंदरा या वेळी मान हलवायला विसरली. उज्वलाला ते दिसलं, पण तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं.

तिच्या स्वतःच्या कोर्टात संगणकानं काढलेला असाच एक तक्ता होता. तालुका वेगळा, चोरी वेगळी. प्रायोगिक म्हणून आलेलं एक सॉफ्टवेअर सगळी कागदपत्रं वाचून पानभराचा गोषवारा काढून देत असे. नुसती मदत म्हणून आहे, निर्णय तुमचा, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. गेल्या बुधवारी बोर्डावरची खटल्यांची यादी लांबलचक होती, आतल्या खोलीत बाळी रडून रडून सुकली होती, शिपाई दोनदा दारातून डोकावून गेला होता. गोषवाऱ्यात स्वच्छ लिहिलं होतं: आरोपीचा मोबाईल घटनास्थळी आढळला. पोरगा काहीतरी म्हणाला होता. "मॅडम, तो फोन..." "वकिलांमार्फत बोला," असं म्हणून तिनं कोठडी दिली आणि उठली. वकिलानं दिलेला जामिनाचा अर्ज पुढच्या बुधवारवर ढकलला. दूध उतरून ब्लाऊज ओला झाला होता. आता एवढंच आठवत होतं, पोराचा चेहरा आठवत नव्हता.

"दादा, नंबर कुठला म्हणाले पोलीस?"

"नंबर काय, त्याच्याच नावावरचा. कपिलपन म्हनाला की माजाच हाय." सोमा आठवू लागला. "अठ्ठ्याण्णव... नाय, शहाण्णव तेवीस..."

"शेवटी सत्तावीस सत्तावीस," पारूबाई डाव न थांबवता म्हणाली. "त्यो नीलेशचा."

*

पारूबाईला नावं वाचता येत नव्हती. जे चार-पाच नंबर लागत ते तिच्या बोटांत होते. सुंदराचा नवरा गेल्यापासून रोज संध्याकाळी ती मोहोपाड्याला सुंदराच्या पोराला फोन लावायची, 'जेवलास का रं, नीलेश?' सुंदरा तेव्हा जेवत नसे आणि पोरगं आईच्या आधी जेवणार नाही, म्हणून मामीनं विचारायचं. बोटं आपोआप जायची.

त्यामुळे ती बोलून गेली. आणि मग घरात इतकं शांत का झालं, हे तिला कळेना.

"त्यानं टाकून दिला तो नंबर कवाच," सुंदरा म्हणाली.

"टाकून? परवा तर बोलले मी."

 खीर बुडाला लागल्याचा वास आला. पारूबाईनं पातेलं खाली घेतलं आणि मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली.

नीलेश बारावीला होता. आधारवर त्याची जन्मतारीख चुकलेली, दुकानदार सिम देईना. कपिल म्हणाला, हात्तिच्या, माज्या नावावर घे. दोघं एका सायकलवर गेले आणि सिम घेऊन आले, येताना वडापाव खाल्ला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. या घरात असंच चालायचं. सोमाच्या नावावरचा गॅस सुंदराच्या बिऱ्हाडात पेटायचा. सुंदराच्या नवऱ्याच्या नावावरची मोटारसायकल कपिल चालवायचा. नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. यालाच तर घर म्हणायचं, असं तिला वाटत आलं होतं.

"तुला म्हाईत होतं," ती सुंदराला म्हणाली.

सुंदरा बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिली.

"तीन दिस माज्याशेजारी बसून रडलीस. माज्याबरुबर."

"खोटं नव्हते रडत, वैनी."

"मग उजूच्या मागं लागलीस ते? फोन लाव, फोन लाव. माज्यापेक्षा जास्त तूच."

"फोन लावला असता तर दोगं वाचले असते!" सुंदरा एकदम ओरडली आणि बाळी दचकली. "तुजा सुटला असता, माज्याचं नाव निगालं नसतं. काय वाईट झालं असतं? कुनाचं काय गेलं असतं?"

आतापर्यंत पारूबाई उज्वलावर रागावली होती. मनापासून. सासू गेली तेव्हा ही सात वर्षांची. हिच्या वेण्या घातल्या, कॉलेजच्या वेळेला डबा दिला, परीक्षेच्या दिवसांत घरातला टीव्ही कापडात बांधून ठेवला, आणि एक फोन लावत नाही. आता तो राग कुठं ठेवायचा ते तिला समजेना. तिनं पदरानं पातेल्याच्या कडा पुसल्या. पुसायचं काही नव्हतं.

"तू जज हायस," ती उज्वलाला म्हणाली. "आता ऐकलंस. काय करशील?"

"ऐकलं ते ऐकलंच, वहिनी. न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही. पण मी पोलीसही नाही आणि तुमची वकीलही होऊ शकत नाही. ज्याचं आहे त्यानं बोलावं. आजच बोलावं."

बाहेरून आबांचा आवाज आला. "चला रं सगळे. बसा. पोर पेंगायच्या आत होऊ द्या."

*

नीलेश ओसरीवर होता. स्वयंपाकघराची भिंत पातळ. त्याला सगळं ऐकू आलं होतं. शेवटी खुंटीवरची पिशवी त्यानंच काढली आणि पाळण्याला फुलं बांधायला घेतली. मोगरा दोऱ्यात नीट बसत नव्हता.

खोपोलीचा एक भंगारवाला टेंपो द्यायचा, रात्रीची फेरी, भाडं रोख. वडील गेल्यावर त्यांच्या कंत्राटदारानं राहती खोली सोडायला सांगितली, तेव्हापासून नीलेश मिळेल ते चालवत होता. पहिल्या रात्री त्यानं भंगार समजून केबल नेली. दुसऱ्या रात्री समजलं, तरी नेली. तिसऱ्या रात्री शेडच्या मागून कुणीतरी ओरडलं. तो केबिनमधून उतरला नाही. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. ते गाणं आता कुठंही लागलं की तो तिथून उठून जायचा.

कपिलला सगळं माहीत होतं. पोलीस दारात आले तेव्हा त्यानं आईच्या फोनवरून नीलेशला एवढंच सांगितलं होतं, "गप बस. आत्तीला सांबाळ."

सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले. योगेंद्रही कुठूनसा येऊन मागच्या रांगेत मांडी घालून बसला. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या. भिवाजी, म्हणजे आबा, बारशाला बाहेरचा माणूस बोलवत नसत. आयुष्यभर रसायनीच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करूनही त्यांचा आवाज खणखणीत राहिला होता. ते एक ओळ म्हणत, सगळे मागून म्हणत. शीलं घेताना घरातल्या लहान पोरांसाठी आबांची एक रीत होती. एखादं पोर गप्प राहिलं, चुळबुळलं, तर ते रागवत नसत. तीच ओळ पुन्हा म्हणत. पोर म्हणेपर्यंत सगळं घर त्या ओळीशी थांबून राही. लहानपणी कपिल मुद्दाम गप्प बसायचा, नीलेशला हसू यावं म्हणून.

पहिलं शील झालं. दुसरं, न दिलेलं न घेण्याचं. नीलेशनं ते पुटपुटलं. तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं.

त्याचे ओठ हलले नाहीत. इतक्या आवाजांत एक कमी, कुणाला कळणार होतं?

आबांनी ओळ पुन्हा म्हटली.

सगळ्यांनी पुन्हा म्हटली. सुंदराचा आवाज मध्येच तुटला. मामीचा निघालाच नाही. आबा कुणाकडेही बघत नव्हते, हात जोडलेले, डोळे मिटलेले. त्यांनी तिसऱ्यांदा ओळ म्हटली, तितक्याच सावकाश.

"आबा, मला म्हनता येत नाय," नीलेश म्हणाला.

"बरं," आबा म्हणाले. "मग जे म्हनता येतं ते म्हन."

त्यानं सांगितलं. गाण्याचा आवाज वाढवला ते सांगताना तो थांबला, आणि तेही सांगितलं. बाळी एवढा वेळ त्याच्याकडेच बघत होती आणि मध्येच तिला कसलंसं हसू फुटलं.

सोमा उठला. तो पोराला मारणार, असं सगळ्यांना वाटलं. तो त्याच्याजवळ गेला, उभा राहिला, आणि पुन्हा खाली बसला. "वॉचमन वाचलाय," एवढंच म्हणाला. "टाके पडलेत. वाचलाय."

"सोमा, याला घेऊन दुपारी वकिलाकडं जा," आबा म्हणाले. "याचा गुन्हा किती नि कसला ते तितं ठरू दे. इतं नको. आदी शील पुरं होऊ दे." आणि त्यांनी चौथी ओळ पुन्हा म्हटली.

या वेळी नीलेशनं ती म्हटली.

*

पाचवं शील संपल्यावर कानात नाव सांगायची वेळ आली, तेव्हा सुंदरा जागची हलली नाही. उज्वला बाळीला घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली.

"तू नुसता एक फोन लावायचा होतास," सुंदरा हळू म्हणाली. "वैनीचा पोरगा तुला जवळचा, माजा लांबचा, असंय का?"

उज्वलानं नकारार्थी मान हलवली. भावाचा मुलगा भाचा, बहिणीचाही भाचाच. एकजण आत्या म्हणतो, दुसरा मावशी. दोघांनाही तिनं कडेवर घेतलं होतं. एकाला उतरवायचं तेव्हा दुसरा रडायचा.

"ताई, मी फोन केला असता तर रुचितानं आधी ती केस दुसरीकडे पाठवली असती. आणि पाठवली नसती, माझं ऐकलं असतं, तर उद्या तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या ज्या पोराला आत्या नाही, मावशी नाही, त्यानं काय करायचं?"

"मला नको सांगूस कायद्याचं."

"नाही सांगत."

सुंदरानं बाळीला घेतलं. बराच वेळ नुसतं छातीशी धरलं. मग तिच्या कानाशी वाकली, काहीतरी बोलली, आणि डोकं वर करून कोरड्या आवाजात म्हणाली, "रिया." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुंदरानं पोर उज्वलाकडे परत दिलं नाही; ते तिनं पारूबाईच्या मांडीवर ठेवलं. पारूबाईनं घेतलं. दोघी एकमेकींकडे न बघता शेजारी बसून राहिल्या, आणि उज्वला समोर, रिकाम्या हातांनी.

खीर करपट लागत होती. सगळ्यांनी खाल्ली.

निघताना आबा गाडीपर्यंत आले. योगेंद्र काच पुसायचं निमित्त करून पलीकडे गेला.

"कुनाचं ऐकायचं नाय, हे बरं शिकलीस," आबा म्हणाले.

उज्वला म्हणाली, "नाही शिकले, आबा. माझ्याकडेही असाच एक पोरगा आहे. बुधवारी आत पाठवला. कुणाचा फोन नव्हता, चिठ्ठी नव्हती. पडद्यावर लिहून आलं होतं. त्या यंत्राची माझ्याशी ओळखपाळख नाही, त्याला जात नाही, माझ्या लग्नात जेवलेलं नाही. म्हणून मला वाटलं, त्याचं ऐकलं तर ते ऐकणं होत नाही."

"खोटं होतं लिवलेलं?"

"खोटं नसेलच. इथं तरी कुठं खोटं होतं? नंबर खरा, नाव खरं, जागा खरी. फक्त कुणी विचारलं नाही. आज मी वहिनीच्या चुलीपुढे बसून विचारलं. माझ्या खुर्चीत बसून नाही विचारलं."

"आपला होता म्हनून इचारलंस."

बाप असं तोंडावर बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं मान खाली घातली.

"त्याची तारीख कदी?"

"येत्या बुधवारी."

"तवर आतच तो?" आबांनी गाडीचं दार उघडून धरलं. 

*

सोमवारी उज्वलानं तो जामिनाचा अर्ज बुधवारची वाट न बघता सुनावणीला घेतला. सरकारी वकिलांना आणि आरोपीच्या वकिलांना सकाळीच कळवलं होतं, आणि मूळ कागदपत्रं मागवली होती. लेखनिकानं सवयीनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला, गोषवारा तयार होता. तिनं पडदा भिंतीकडे वळवला आणि फायलीची दोरी सोडली. वाचायला वेळ लागला. कोर्टात पंखे फिरत होते. आतल्या खोलीत रिया रडू लागली, सांभाळणाऱ्या बाईनं तिला उचललं असावं, थांबली.

पोरगा उभा होता. आज तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला. कपाळावर देवीच्या खुणेसारखा एक खड्डा होता, कान मोठे होते.

"तपास अधिकारी," ती म्हणाली, "हा नंबर आरोपीच्या नावावर आहे."

"हो, मॅडम. तक्त्यात आहे सगळं. जुळणीची टक्केवारीपण आहे."

"नाव कळलं. त्या रात्री फोन कुणाच्या हातात होता, हे तुम्ही कुणाला विचारलंत? घरच्यांना? शेजाऱ्यांना? यालाच?"

अधिकाऱ्यानं पानं उलटली. पुढून मागं, मागून पुढं. पोरानं मान वर केली.

टेबलाच्या खणात तिचा फोन थरथरू लागला. खालापूरला आता कोर्टाचं काम सुरू झालं असणार. वहिनीची बोटं आपोआप गेली असणार. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली. उज्वलानं खणाकडे पाहिलं नाही.

"विचारलेलं दिसत नाही, मॅडम," अधिकारी म्हणाला.

"मला थांबायला वेळ आहे," ती म्हणाली, आणि लेखनिकाकडे वळली. "लिहून घ्या. माझ्या शब्दांत."